कुंडी तीच

समोरच्या दारातल्या काकू दीड महिन्यासाठी लेकीकडे निघाल्या, तेव्हा आपला रबर प्लांट हिच्या हवाली करून गेल्या. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सूचनाही तशाच. "बोट मातीत घालायचं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं, तरच पाणी. अकरा वर्षं पोटच्या पोरासारखा जपलाय."

हिचं स्वतःचं पोर तीन महिन्यांचं. ते जरा कुरकुरलं की हिचा जीव टांगणीला. फ्रिजवर तक्ता चिकटवलेला: दूध, लंगोट, औषधाचे थेंब. विसरायला नको म्हणून तिनं त्यातच चौथा रकाना आखला, 'झाड'. बोट मातीत घालायचं राहिलंच. बाळाच्या थेंबांबरोबर झाडालाही दिवसातून तीनदा पाणी मिळू लागलं.

तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. ती घाबरली आणि आणखी पाणी घालू लागली. पाचव्या आठवड्यात खोड दाबून पाहिलं, तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. उपटलं. मुळं काळी, गिळगिळीत, नाक धरावं असा वास.

काकूंना फोन करून सांगायला हवं होतं. पण एवढी शिकलेली बाई, हिला एक झाड सांभाळता येत नाही, मूल काय सांभाळणार, असं त्यांच्या मनात येईल, या विचारानंच ती अर्धमेली झाली. बाळाला कडेवर घेऊन रोपवाटिकेत गेली, तेवढ्याच उंचीचं झाड शोधून आणलं आणि जुन्या कुंडीत लावलं. मेलेलं काळ्या पिशवीत घालून दोन गल्ल्या पलीकडे टाकून आली.

काकू परतल्या त्या दुपारीच आल्या. झाडासमोर उभ्या राहिल्या. एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं.

"छान ठेवलंस हो."

"तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं, काकू." ती बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली.

"थोडा चहा टाक. तोवर बाळाला दे माझ्याकडे."

चहाला लागतात तेवढीच मिनिटं. परक्या मांडीवर गेलं की घर डोक्यावर घेणारं पोर. बाहेरून हूं की चूं नाही. ती कप घेऊन आली. तेच टोपडं, तेच निळं झबलं.

"रडला नाही?"

"कशाला रडेल?" काकू चहा फुंकत म्हणाल्या. "कुंडी तीच असली, की बघणाऱ्याला पुरतं."

चहा संपवून त्या कुंडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी ती झबलं बदलत होती. नवरा दारात टेकून म्हणाला, "साहेब आज फारच शहाणे झालेत. काय जादू केलीस?"

डाव्या दंडावरची लसीची फुटकुळी मागेच पिकून तिथं खळगा पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, चोळू नका, व्रण राहणारच.

दंड गुळगुळीत होता.

तिनं उजवाही पाहिला.

"काय गं? काय झालं?"

सांगायचं तर झाडापासून सांगावं लागलं असतं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि बाही खाली ओढून बंद बांधले.