शूटिंगमधून बाळ गेलं कुठे?

"पाळण्यात रुद्र नाहीये!"

दुपारी दोन वाजता उज्वलाच्या किंकाळीने नाशिक रोडच्या बंगल्यातलं शूटिंग थांबलं. एकाच बाळावर तीन आया हक्क सांगतात, असा विनोदी सिनेमा होता. ते बाळ म्हणजे उज्वलाचा सात महिन्यांचा रुद्र.

दिग्दर्शक ज्ञानेशने पोलिसांना कळवलं आणि समोरच्या इमारतीतून खासगी गुप्तहेर प्रतिभा बोरस्तेंना बोलावलं. मागोमाग त्यांचा सहायक शेखर धापा टाकत आला. त्याचीही मुलगी एवढीशीच. रिकामा पाळणा पाहताच तो आतल्या खोल्यांकडे धावला.

"शेवटचं कुणी पाहिलं?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"मी, एक वाजता," नायिका दिशा म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मला बघितलं की भोकाड पसरतो, म्हणून दारातूनच टोपडं पाहून परतले. मग आम्ही सगळे अंगणात शॉट घेत होतो."

"खोलीत कोण होतं?"

"मीच," उज्वलाच्या सासूबाई लंकाबाई म्हणाल्या. "जरा डोळा लागला." त्या रडत नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"बाळाचे वडील?"

"रोहित मनमाडला असतो, रेल्वेत. आम्ही वेगळे राहतो," उज्वला हुंदके देत म्हणाली. "सासूबाई माझ्याकडे असतात. लेकाशी बोलतसुद्धा नाहीत."

शेखर खोल्या धुंडाळत होता. सामानाची पेटी उघडताच तो ओरडला, "सापडला!" पण हातात आला कापडी बाहुला. धडधाकट, कपाळावर काजळाचा पुसट डाग.

"तो लांबच्या शॉटसाठी असतो," ज्ञानेश वैतागला. "आज वापरलेलाही नाही."

गेटवर पुंजाराम पहारेकरी होता. "एक ते दोन कुनीच गेलं नाय, मॅडम."

"त्याआधी?"

"बाराला आजी गेल्या व्हत्या, बाहुला गुंडाळून. हात उसवलाय, शिंप्याला देते म्हनल्या. धा मिंटात मोकळ्या हातानं आल्या."

"मग त्यात काय?" शेखर पुटपुटला. प्रतिभाताईंनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"बाळ एक ते दोनमध्ये गेलंच नाही. बाराला गेलं. लंकाबाई बाहुला बाहेर ठेवून मोकळ्या हाताने आल्या, तर तो पेटीत कसा? हात उसवला होता, तर शिवण कुठे आहे? गेटाबाहेर गेला तो झोपलेला रुद्र. पाळण्यात होता बाहुला, रुद्रचं टोपडं घालून. टोपड्याला लागलेली तीट त्याच्या कपाळावर उतरली. दिशाने पाहिलं ते फक्त टोपडं. दोनला उज्वलाची चाहूल लागताच बाहुला पेटीत गेला. आणि आजी रडत नव्हत्या, कारण बाळ कधी परत येणार हे त्यांना ठाऊक होतं. किती वाजता, लंकाबाई?"

घड्याळात अडीच वाजून गेले होते. म्हातारीचा बांध फुटला.

"अडीचला आणून देतो म्हणाला रोहित. आता फोनही उचलत नाही गं! नागपूरला बदली झालीय त्याची, तीनची गाडी आहे. जाण्याआधी लेकराला एकदा छातीशी धरू दे म्हणाला. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, उज्वला."

उज्वला आणि लंकाबाईंना मागे बसवून शेखरने स्टेशनकडे गाडी अशी हाणली की प्रतिभाताईंनीही दाराची मूठ घट्ट धरली. ते स्टेशनच्या पुलावर पोचले तेव्हा नागपूरची गाडी हलली होती. उज्वला जिन्यातच खाली बसली.

"ताई, उठा," शेखर ओरडला. "तिकडे बघा!"

फलाटाच्या टोकाच्या बाकावर एक माणूस बसला होता. शेजारी बॅग. छातीवर रुद्र, गाढ झोपलेला. शर्टावर दुधाचे डाग.

उज्वला धावत गेली. बाळाच्या पाठीवर हात ठेवून ती बाकावर कोसळली आणि ढसाढसा रडली.

"बाळाला चोरून नेतोस?" तिला एवढंच सुचलं.

"परत आणणारच होतो," रोहित कुजबुजला. "पण झोपला. उठवायचं धाडस होईना. रिंग वाजून जागा होईल म्हणून फोन बंद केला. गाडीही जाऊ दिली."

शेखरने पोलिसांना फोन केला. "बाळ सुखरूप आहे." मग लगेच स्वतःच्या घरी फोन लावला.

लंकाबाई दूर खांबाआड उभ्या होत्या. उज्वलाने त्यांना हात करून बोलावलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"पुढची गाडी कितीला?" तिने रोहितला विचारलं.

"सातला."

"मग हा उठेपर्यंत बस. पण पुढच्या खेपेला मला विचारायचं."