केसरची मांजरं

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, तरी त्या दुपारी आगरदांड्याच्या बंदरावर पाऊस आला. अवेळीचा, तिरका, जेमतेम पाच मिनिटांचा. धक्क्यावर वाळत घातलेले बोंबील उचलायला कोळणी धावल्या, आणि त्या गडबडीत एक मुलगी, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही असं पाहून, सरळ सुक्या मासळीच्या वखारीत शिरली.

आत अंधार होता. गोण्यांची थप्पी पार आढ्याला टेकलेली. मुलगी थप्पीपुढं गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन गोण्यांमधल्या फटीत हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

"काय गो, बोंबील पाहिजेत तर मागावेत. चोरतेस कशाला?"

ती दचकली. पण हात काही बाहेर काढला नाही.

"बोंबील कुनाला पाहिजेत? मांजर पाहिजे."

"मांजर?" दारातला तरुण हसला. "घे की. सगळी घे. काल एकीला नुसतं शुक् केलं तर हे बघ—" त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर लाल, सुजलेले तीन ओरखडे होते.

"तुमी डोळे वटारून बघितलं आसंल तिच्याकडं."

"मग? मांजराकडं बघायचं नाही तर काय करायचं?"

"लाजायचं."

"काय?"

"लाजायचं. टक लावून बघितलं तर त्यास्नी वाटतं, ह्यो आपल्याला खायला आला. हळूच डोळं मिटायचं, हळूच उघडायचं. मंग त्यांचा इस्वास बसतो."

"मला नाही बा लाजायला येत."

"मंग ओरखडे खावा," असं म्हणून तिनं हात बाहेर ओढला. मुठीत राखी रंगाचं, फिसकारणारं एवढंसं पिल्लू होतं. त्यानं तिचं बोट दातांत धरलं होतं, बोटातून रक्त येत होतं आणि ती मात्र हसत होती. पिल्लाला पदरात गुंडाळून ती त्याच्या बाजूनं निसटली. बाहेर ऊन पडलं होतं. धक्क्यावरून तिनं एकदाच मागं वळून पाहिलं… तो दारात उभा होता, आणि तिच्याकडं बघत अगदी सावकाश डोळे मिटत होता, उघडत होता.

केसरला घरी पोचेपर्यंत हसू आवरलं नाही.

केसर म्हणजे कोंडाजीची एकुलती लेक. कोंडाजी आगरदांडा ते दिघी उतारूंची ने-आण करायचा; खाडीपलीकडं जायचं तर त्याच्याच होडीतून. केसर सहा वर्षांची असताना गावात उंदीर पडू लागले, आणि पाठोपाठ माणसं. गाठीच्या तापानं तिची आई चार दिवसांत गेली. तेव्हापासून घरात उंदराची खुडबुड ऐकली की त्या पोरीच्या अंगावर काटा यायचा. म्हणून तिनं एक रानमांजर माणसाळवलं, मग दुसरं. मग लोकच येऊन सांगू लागले, "केसर, आमच्या कणगीत उंदीर झालेत गो, एक मांजर दे."

तिची रीत ठरलेली. पिल्लू आणलं की तीन दिवस कोंबड्यांच्या डालग्याखाली अंधारात ठेवायचं. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्या अंगाखाली घालायचा, म्हणजे माणसाचा वास त्याच्या ओळखीचा होतो. भात कालवणात कालवून बोटानं भरवायचा. पंधरा-वीस दिवसांत फिसकारणारं पोर मांडीवर झोपू लागायचं. मग ते ज्या घरी द्यायचं, तिथं तो लुगड्याचा तुकडाही जायचा.

वखारीच्या दारातला तो तरुण राखणदार म्हणजे शिवदास. म्हसळ्याचा. मराठी पाचवी झालेला, बोलायला गोड, आणि वखारीच्या शेटनं तात्पुरता ठेवलेला. त्या पावसानंतर वखारीतल्या पिल्लांची त्याला फारच काळजी वाटू लागली. रोज काही ना काही निरोप असे. "थप्पीमागं अजून दोन आहेत." "पांढरीला ठेच लागलीय." एकदा तर, "एक पिल्लू उदास दिसतंय."

"उदास?" केसरनं विचारलं. "कुठलं?"

"हे," म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"त्याला डालग्याखाली तीन दिस ठेवावं लागंल," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन कानापर्यंत लाल झाली.

थंडीचे दिवस असेच गेले. माघ लागेपर्यंत वखारीतली नऊ पिल्लं नऊ घरांत पोचली. शेजारच्या सखुबाईच्या ओटीवर एक, मुरुडला केसरच्या आत्याच्या, मनुबाईच्या घरी एक. पण मोठी मांजरं मागं उरली, अकरा. जन्मभर माणसाच्या धोंड्यांना भीत वाढलेली. ती कुणाच्या घरात राहणार नव्हती.

"यास्नी हितंच माणसाळवू," केसर म्हणाली. "वखार हेंचं घर. आन् तुमी घरचं मानूस."

"आणि घरात बाईमाणूस?"

तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. "आधी हाक मारायला शिका."

तिची हाक साधी होती. जिभेनं दोनदा चक् चक्, आणि मग ओढून, मऊ आवाजात, "ये गो बाय… येऽ…" शिवदासनं पहिल्यांदा मारली तेव्हा ती पोट धरून हसली. "बैल हाकताय काय?" मग रोज संध्याकाळी दोघं वखारीच्या मागच्या पायरीवर बसू लागली. मधे बोंबलाच्या डोक्यांची परडी. आधी मांजरं कुंपणापाशी थांबत. मग अंगणात येऊ लागली. फाल्गुनात एका संध्याकाळी, सगळ्यांत आडदांड काळा बोका शिवदासच्या पायापाशी आला आणि त्याच्या पोटरीला डोकं घासून गेला. शिवदास श्वास रोखून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं केसरनं पाहिलं… आणि त्या क्षणी तिनं मनोमन त्याला होकार देऊन टाकला. तोंडानं मात्र एवढंच म्हणाली, "बघा. लाजायला आलं तुमाला."

पुढच्या आठवड्यात शिवदास कोंडाजीच्या ओटीवर येऊन बसला. केसर दाराआड उभी होती.

"पोरगा तू चांगला हायस," बाप म्हणाला. "पन वखारीवर आज हायस, उद्या न्हाय. कुठंतरी कायमचा चिकट, मंग ये. पोर तुझीच."

दाराआडून केसरला ओरडावंसं वाटलं, की मला विचारा ना! पण लग्नाच्या बोलण्यात मुलीनं तोंड घालायची रीत नव्हती.

चैत्र सरताना ती मनुबाईकडं मुरुडला दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी परतली ती सवयीनं आधी धक्क्यावर. वखारीच्या मागं गेली, हाक मारली. कुणी आलं नाही. पुन्हा मारली. वाऱ्यानं एक रिकामी परडी सरकली, तेवढाच आवाज.

घरी आली तर बाप चुलीपाशी बसलेला. सकाळचा भात तसाच झाकलेला.

"बा, बरं न्हाय काय?"

कोंडाजीनं काडीनं चुलीतली राख सारली. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "काल शिवदासनं होडी मागितली. गोणी टाकायच्या हायत म्हनाला, खराब माल. मी नेली, खाडीच्या मधोमध. उचलताना एक गोण हलली, केसर. मी म्हनलं, आरं, हे काय? तर बोलला न्हाय. नुसता टाकीत गेला. मुंबईच्या गिऱ्हाइकानं मांजराच्या वासानं माल परत धाडलाय म्हनं. शेट त्याला म्हनला, सांजेपर्यंत एक मांजर दिसता कामा न्हाय. दिसलं तर तू उद्यापासून येऊ नको. न्हाय दिसलं तर श्रीवर्धनची वखार कायमची तुझ्याकडं."

"ती धरवली कशी त्याला?" केसरनं विचारलं. "अकरा मांजरं धरवली कशी?"

"हाक मारली त्यानं. धक्क्यावरची मानसं सांगत व्हती. हाक मारली, आन् आली सगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वखारीत गेली. जमीन धुतलेली, भिंतींना ताजा चुना. शिवदास गोण्या शिवत होता. तिला पाहताच सुई खाली ठेवून उभा राहिला. त्याच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता. केसरनं ते पाहिलं, आणि ती घरून जे जे बोलायचं ठरवून आली होती ते सगळं विसरली.

"हाकलून द्यायची व्हती," एवढंच ती म्हणाली.

"हाकलली. देवाशपथ हाकलली, केसर. काठी उगारली. जाईनातच. उलट पायात येऊन घासायला लागली."

ती भिंतीला टेकली.

"शेटनं संध्याकाळपर्यंतच मुदत दिली होती," तो घाईघाईनं बोलू लागला. "तू असतीस तर—"

"तर करू दिलं नसतं."

"म्हणून तर! मग वखार गेली असती. तुझे बा नाही म्हणाले असते. तू गेली असतीस. मी काय माझ्या हौसेनं केलं? तुझ्यासाठी केलं मी हे."

"माझं नाव नका घेऊ त्यात."

"मांजरं होती ती, केसर…"

"व्हय. मांजरंच व्हती. मानसाला भिऊन पळायची, म्हनून इतकी वर्सं जगली. मी त्यास्नी शिकवलं भिऊ नका. मी शिकवलं, आन् तुमी बोलावलं." तिनं डोळे पुसले नाहीत. "श्रीवर्धन नसतं मिळालं तर काय झालं असतं? मी बाला सांगितलं असतं, मला वखार नको. राखणदार पाहिजे."

"हे… हे तू कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी इचारलं न्हाय. तुमी बाला इचारलं."

बाहेर धक्क्याला लागलेल्या पडावावर माल चढत होता. हमालांची ओरड आत येत होती. तो मान खाली घालून म्हणाला, "आता विचारतो."

केसर त्याच्याकडं बघत राहिली. या माणसाच्या गळ्यातला मऊ आवाज, मानेवरचा चुन्याचा शिंतोडा, हसताना एका बाजूला जाणारं तोंड, सगळं तिला अजून हवंहवंसं वाटत होतं. यातलं काहीच कालपासून कमी झालं नव्हतं. हेच तिला सोसत नव्हतं.

"जीव हाय माझा तुमच्यावर," ती म्हणाली. "त्या अवेळीच्या पावसापासून हाय. आजबी हाय. पन तुमच्या घरात मला झोप लागायची न्हाय. कोनी मोठ्या मानसानं तुमाला म्हनलं, ही बाई नको, तर तुमी काय कराल, हेच रोज मनात येईल."

"केसर, असं नाही होणार…"

"व्हनार न्हाय. मला म्हाईत हाय. तरी येईल."

ती निघून आली. त्यानं अडवलं नाही.

त्यानंतर कोंडाजीनं तिला समजावून पाहिलं. पोरगा वाईट नाही, चाकरमानी माणसाला शेटचं ऐकावंच लागतं, आणि होडी तर मीच वल्हवली, मग मलाही घराबाहेर काढशील काय? बापाला ती पूर्वीसारखाच भात वाढत राहिली. सखुबाईकडं जाणं मात्र तिनं सोडलं. तिथलं पोसलेलं मांजर ओटीवरून उडी मारून तिच्या मांडीवर यायचं, घुरघुरायचं, आणि तिला हात उचलवायचा नाही.

वैशाखात, समुद्र बंद व्हायच्या आधी, शिवदास श्रीवर्धनला निघाला. श्रीवर्धनची वाट दिघीवरून, आणि दिघीला जायचं तर कोंडाजीच्या होडीतूनच. एक ट्रंक, एक वळकटी. केसर धक्क्यावर जाणार नव्हती. पण होडी सुटायच्या वेळी ती तिथं होती, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या आड. त्यानं तिला पाहिलं. या खेपेला दोघांपैकी कुणीच डोळे मिटले नाहीत.

होडी लहान लहान होत गेली. वल्ह्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी ती उन्हात उभी होती.

बाप परतला तेव्हा दुपार टळली होती. त्यानं पाय धुतले, पाटावर बसला, पहिला घास हातात घेऊन तसाच थांबला.

"मधोमध गेल्यावर मी वल्हं थांबवलं," तो म्हणाला. "त्याला म्हनलं, पोरगी अजून उभी हाय. नुसतं हो म्हन, होडी फिरवतो. आत्ता, या घडीला फिरवतो."

केसरच्या हातातली पळी थबकली.

"मंग?"

"डोकं हलवलं त्यानं. म्हनला, नको बाबा. मी परत गेलो तर ती न्हाय म्हननार न्हाय. आन् मंग जन्मभर झोपनार न्हाय."

केसरनं बापाच्या पानात आमटी वाढली. आमटी पानाबाहेर सांडली, ती तिनं पदरानं टिपली. शिवदास बरोबर बोलला होता. होडी फिरली असती, तर ती कमरेएवढ्या पाण्यात धावत गेली असती.

"जेव, बा," ती म्हणाली. "निवतंय."