गैरहजर माणसाची चाल

"टेबलापासून उठलीस की आपली पुतळी खिशात घालत जा. पाणी प्यायला उठलीस तरी."

लायलनं आर्डिथला हे किराणा दुकानात बजावलं होतं. त्याचा घसा इतका बसला होता की तिला कान पुढे करावा लागला. ती तेव्हा पोटुशी होती आणि तिला हसू आलं. दाढी राखलेला हा बाप्या शिशाच्या बोटभर पुतळीला घाबरतो! दर शनिवारी ड्वेनच्या तळघरात नकाशा पसरून फाशांचा खेळ चालायचा; प्रत्येकाला आपल्या पात्राची एक पुतळी, आणि गोष्ट चालवणारा मास्तर ड्वेन. आदल्या शनिवारी लायल आजारी म्हणून आला नव्हता. खेळ काही थांबत नाही. खेळाडू आला नाही की त्याच्या वाटची चाल मास्तर खेळतो, हा सगळ्यांनी मानलेला रिवाज. लायलनं त्याआधीच्या खेपेला हुज्जत घातली होती, म्हणून ड्वेननं त्याच्या योद्ध्याला चेटकिणीकडून मुका करून टाकला. थंडीत घसे बसतातच, आर्डिथ म्हणाली.

पुढे लायल येईनासाच झाला. एका शनिवारी ड्वेननं वेफर्स खाता खाता त्याची पुतळी नकाशाच्या उत्तरेकडच्या कडेवरून खाली ढकलली. नंतर कुणीतरी सांगितलं की लायलचं घर उघडंच आहे आणि त्याचा जाड कोट खुंटीवर आहे. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात कोटाशिवाय कोण कुठे जातं, असं सगळे म्हणाले आणि फासे टाकायला लागले.

ड्वेनविषयी आर्डिथला पहिल्यापासून किळस वाटायची. चाळिशीला आला तरी आईच्या घराच्या तळघरात राहायचा. हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायचा आणि गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की मान खाली घालायचा. शनिवारी दुपारी मात्र पुठ्ठ्याचा आडोसा समोर उभा करून त्यामागे बसला, की हा राजा. कोण जगणार, कोण बुडणार, सगळं हा ठरवणार. फासे टाकणार तेही आडोशामागे. आणि समोर बसलेली शिकलीसवरलेली, पोराबाळांची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. तिचा नवरा मर्ल त्यांतलाच. तीही त्यांतलीच होती, याचा तिला जास्त राग यायचा.

नेल झाल्यावर जानेवारीत ती पुन्हा खेळायला गेली. बाळाला सासूबाईंपाशी, बर्निसपाशी ठेवलं होतं. ड्वेननं तिच्यापुढे तळहात धरला. त्यावर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, दुपट्यात गुंडाळलेलं शिशाचं बाळ होतं. दुपट्यावर पिवळी फुलं रंगवलेली.

"नेललाही घेतलं खेळात," तो म्हणाला.

बाकीचे गहिवरले. नेलच्या दुपट्यावर पिवळी फुलं आहेत हे याला कुणी सांगितलं, एवढंच आर्डिथच्या मनात आलं. मर्लनं सांगितलं असेल.

त्या दुपारी ड्वेननं खेळातली तिची नाव पाण्यात मधोमध बुडवली. ती म्हणाली, फासे आमच्यासमोर टाक. तो म्हणाला, आडोसा मास्तरचा हक्क आहे.

"हा पुठ्ठा काढला तर मागे उरतं काय रे, ड्वेन? आईला विचारून दिवा लावणारा माणूस."

सगळे खो खो हसले. ड्वेनही हसला, मान तेवढी लाल झाली. निघताना आर्डिथनं आपली पुतळी खिशात घातली. बाळाचा रंग अजून ओला आहे, ते राहू दे, असं ड्वेन म्हणाला, म्हणून ते तिनं तिथंच ठेवलं.

घरी नेल पाळण्यात झोपलेली होती. मोजे ओले होते. पिळले तर पाणी निघालं, आणि त्याला शेवाळाचा, माशाचा वास होता. घरापुढचं तळं त्या दिवसांत इतकं गोठलं होतं की लोक त्यावर गाड्या नेत होते.

"लाळ असेल ग," बर्निस म्हणाली.

"पायांवर?"

बर्निस विणत राहिली.

पुढच्या शनिवारी ते बाळ आर्डिथनं ठेवलं होतं तिथं नव्हतं. नकाशावरच्या निळ्या पाण्याला अगदी टेकून होतं.

"कुणी हलवलं?"

"टेबलाशी नसतो त्याची चाल मास्तरची," ड्वेन म्हणाला. "मी कुठे नवीन सांगतोय?"

"नियम तर तोच आहे ग," मर्ल म्हणाला.

तिनं ते बाळ उचललं आणि मुठीत घट्ट आवळलं. वर स्वयंपाकघरात फोन वाजला. ड्वेनच्या आईनं जिन्यातून ओरडून सांगितलं, बर्निस विचारतेय, पोर एकाएकी का किंचाळतेय, दोन्ही कुशींवर वळ उठलेत.

आर्डिथनं मूठ उघडली. बाळ होतं तिथं, हळूच, ठेवलं. ते खिशात घालायची तिची छाती झाली नाही. वरच्या फोनमधलं नेलचं रडणं जिन्यातून खाली ऐकू येत होतं, ते थांबलं.

"तिला बोलता येत नाही," ती म्हणाली. "तिच्या वतीनं मी बोलणार. मी टेबलाशी आहे."

ड्वेननं विचार केला. बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी वर पाहिलं नाही.

"चालेल. तू टेबलाशी आहेस तोवर."

मग आडोशामागे फासे खुळखुळले.

"नेल पाण्यात पाऊल टाकते."

"नाही."

"बरं."

मर्लनं कोट चढवला. उगाच ताणू नकोस, खेळ आहे, मी घरी जाऊन नेलला बघतो आणि फोन करतो, म्हणाला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. ड्वेनला घाई नव्हती. त्यानं वेफर्सची नवी पिशवी फोडली.

"नेल पाण्यात पाऊल टाकते." चहा घेणार का, असं विचारावं तसं.

"नाही."

वर फोन वाजू लागला. ड्वेनची आई बाहेर गेली असावी, कुणी उचलेना. वाजत राहिला, मग थांबला. आर्डिथ उठली नाही.

ती अजून तिथंच बसली आहे. पुतळी खिशात, हात टेबलावर. जिन्यातून कुणी डोकावलं की ती मान न वळवता एकच विनंती करते, आणि तुम्ही इथवर आलाच आहात तर तुम्हालाही करते. तळ्याकाठचं हिरव्या दाराचं घर. दार नुसतं लोटलेलं असतं. आत जाऊन नेलला बघाल का?

तिला उचलू नका. मोजे कोरडे आहेत का, तेवढंच बघा.