पाचवा फर्मा

त्या आठवड्यात दुकानात काम बेताचंच होतं, म्हणून मी मावशीची चार पुस्तकं दुरुस्तीला काढली. सुरुवात एवढ्याशाच गोष्टीने झाली.

मी बाइंडर. तळमजल्यावर दुकान आणि वर दोन खोल्या, त्यात मी आणि मावशी. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मी तीन वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी हात वर केले. सगळे नातेवाईक ‘बघू, काहीतरी करू’ म्हणत बसले होते, तेव्हा ही बाई आली आणि मला काखोटीला मारून घेऊन गेली. मी तिला मावशीच म्हणत आलो. ‘आई’ म्हणावंसं पुष्कळदा वाटायचं, पण धीर व्हायचा नाही. तिचं स्वतःचं बाळ जन्मतःच गेलं होतं. त्याच्या रिकाम्या जागेवर आपण बसलोय, हे मला फार लहानपणी कळलं होतं, आणि ते कायम टोचत राहिलं.

मावशी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दोन कॉलच्या मधे जेवढा वेळ मिळे तेवढ्यात ती वाचायची. आयुष्यभरात हजारो पुस्तकं वाचली असतील, पण उशाशी चारच ठेवायची.

“माणसाला आईबाप घडवतात म्हणे,” ती सांगायची. “मला या चौघांनी घडवलं. बाकीची नुसती ओळखीची.”

पहिलं पुस्तक जहाजावर पळून गेलेल्या मुलीचं. ते वाचून मावशीने ठरलेलं लग्न मोडलं आणि नोकरीसाठी घर सोडलं. दुसरं ताऱ्यांचं. बसमध्ये ती ते वाचत होती, शेजारचा माणूस वाकून चित्रं बघायला लागला, आणि पुढे तोच आमचा काका झाला. तिसरं एका बाळंतिणीचं. मावशीचं बाळ गेलं त्या आठवड्यात, दवाखान्यातल्या खाटेवर, तिने ते तीनदा वाचलं. आणि चौथं एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं, ज्याला दाराशी एक अनाथ पोर सापडतं. ते पुस्तक नसतं तर मी तुमच्यासमोर नसतो. मावशीने मला हे शंभरदा ऐकवलं होतं आणि मला एकशे एकाव्यांदाही ऐकायला आवडलं असतं.

चारही पुस्तकांची दशा झाली होती. पाठी निघाल्या होत्या, दोरा कुजला होता. गावभरची पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरात ही अवस्था, म्हणजे लाजच.

“वरवर डागडुजी कर,” मावशी म्हणाली. “उसवू मात्र नकोस.”

“अगं, आतला दोराच गेलाय. वरून खळ फासून काय होणार?”

“उसवू नकोस म्हटलं ना.”

मी हो म्हणालो. कारागिराचं हो हे गिऱ्हाइकाला गप्प करण्यापुरतं असतं. सोमवारी सकाळी मी पहिली दोन पुस्तकं उसवली.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकीवर एक रचून शिवलेल्या. आम्ही घडीला फर्मा म्हणतो. दोरा कापत गेलं की फर्मे सुटे होतात आणि जुन्या कागदाचा ओलसर, गोडसर वास येतो. त्या दिवशी तो वास जरा जास्तच आला. बंद खोली खूप वर्षांनी उघडल्यासारखा.

दुपारी जेवायला वर गेलो. मावशी खिडकीशी बसली होती. समोर काकाचा फोटो.

“हे गृहस्थ कोण रे?” तिने विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टेखोर होतीच. “तुझा नवरा,” मी म्हणालो. “विसरलीस होय?”

“माझा कुठला नवरा? मला तर लग्नच...” ती थांबली. हाताच्या बोटांकडे बघत राहिली. “आणि मी नोकरी केली का रे कुठे? काही आठवत नाही...”

वय झालं, मी मनात म्हटलं. चौऱ्याहत्तर म्हणजे काही थोडकी नव्हेत. डॉक्टरांकडे नेऊ एकदा. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी मी उरलेली दोन उसवली. ती एकाच छापखान्याची, एकाच आकाराची, एकाच टायपात छापलेली. फर्मे दोन गठ्ठ्यांत ठेवले, वर दगड ठेवला आणि जेवायला गेलो.

मावशीने दार उघडलं. माझ्याकडे पाहून अदबीने हसली. शेजाऱ्यांकडच्या पाहुण्याला बघून हसावं तशी.

“कोण हवंय आपल्याला?”

“मावशी... मी.”

“माफ करा, ओळखलं नाही.”

जिन्याच्या पायरीवर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मग खाली येऊन डॉक्टरांना फोन केला. ते संध्याकाळी येतो म्हणाले. तोवर काय करायचं? हात स्वस्थ बसू देत नव्हते. समोर ताऱ्यांचं पुस्तक होतं, तेच शिवायला घेतलं. शेवटची गाठ मारली आणि वरून मावशीचा आवाज आला.

“अगंबाई, आठवलं! हे पहिल्यांदा भेटले ना, तेव्हा सप्तर्षींवर बोट ठेवून म्हणाले, हा पतंग आहे का हो?”

ती जिन्याच्या वरच्या टोकाशी उभी होती आणि खळखळून हसत होती. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि हसू विरलं. “तुम्ही... कोण?”

तेव्हा मला कळलं. मी काही असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, पण कळलं. दोरा मी पुस्तकाचा कापला नव्हता.

त्यानंतर मी जसं शिवलं तसं आयुष्यात कधी शिवलं नसेन. आधी जहाजाचं. मग दोन्ही गठ्ठे जवळ ओढले. घाई इतकी होती की एक गठ्ठा कोपराने सरकला आणि चार-पाच फर्मे दुसऱ्यावर सांडले. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा छापलेला असतो. आम्ही मजकूर वाचत नाही, आकडाच बघतो. तीन, चार, पाच, सहा. आकडे बघून मी ते लावले आणि शिवले. पहारेकऱ्याच्या पुस्तकाची शेवटची गाठ मारली तेव्हा दिवेलागण झाली होती.

“जेवला नाहीस दिवसभर,” मागून आवाज आला. मावशी दुकानाच्या दारात उभी होती. “पोटात काही आहे की नाही गाढवा?”

मी तिच्या गळ्यात पडलो आणि लहान पोरासारखा रडलो. पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही, पण रडलो. डॉक्टर आले, तपासून गेले. ठणठणीत आहेत म्हणाले.

बुधवारी सकाळी मावशीने तीन ताटं वाढली.

“तिसरं कुणाला?”

“असं काय करतोस? तुझा भाऊ जेवायचा नाही का?”

मला भाऊ नाही. कधीच नव्हता. मी खाली धावलो आणि पहारेकऱ्याचं पुस्तक उघडून पहिल्यांदाच वाचत गेलो. चौथ्या फर्म्यापर्यंत पहारेकरी होता. पाचव्यात एक बाई दवाखान्यात कुशीवर पडून बाळाची वाट बघत होती. सहाव्यात पुन्हा पहारेकरी, मुलाचं बोट धरून घरात शिरणारा. दोन्ही पुस्तकांचे पाचवे फर्मे मी अदलाबदल करून शिवले होते. गेलेलं बाळ त्या म्हाताऱ्याच्या दाराशी पोचलं होतं... आणि त्याने त्याला आत घेतलं होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. मी कात्री हातात घेतली आणि वर मावशीचं बोलणं ऐकू आलं. ती कुणाला तरी लहानपणच्या खोड्यांची आठवण करून देत होती, मधेच थांबत होती, आणि मग हसत होती. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्याबरोबर तर नाहीच. खरं सांगतो, हेवा वाटला मला. तरी कात्री खाली ठेवली. म्हातारीला पन्नास वर्षांनी तिचं पोर मिळालंय, ते मी कोणत्या तोंडाने हिरावून घेऊ?

महिनाभर तसंच चाललं. मला घरात कधी कुणी दिसलं नाही. पण तिसरं ताट रिकामं व्हायचं. आतल्या खोलीतली गादी सकाळी कोमट लागायची. शेजारची बाई एकदा जिन्यात म्हणाली, “तुमचे बंधू अगदी अबोल आहेत हो.” मी मान हलवली आणि पुढे गेलो.

मग मावशी मला हळूहळू पाहुण्यासारखं वागवायला लागली. “अजून थोडी भाजी घे, संकोच करू नकोस.” “बहिणीचा मुलगा ना तू? किती दिवस मुक्काम?” एका सकाळी माझी उशी बाहेरच्या खोलीत, दाराजवळ ठेवलेली दिसली. तेव्हा मी ठरवलं. आता दयामाया नाही. आज उसवायचं आणि पाचवा फर्मा जिथला तिथे लावायचा.

दुकान उघडलं. कपाटातून पहारेकऱ्याचं पुस्तक काढलं आणि उचलतानाच ते हाताला हलकं लागलं. पाठीवरचं कापड सोडवलं. आतला दोरा नवा होता, मी वापरतो तोच. शिलाईही माझ्याच पद्धतीची, घट्ट आणि सुबक. फक्त गाठी उलट्या पडल्या होत्या. तशी गाठ डावखुऱ्या माणसाच्या हातून पडते. मी उजव्या हाताने शिवतो.

फर्मे मोजले. बाळंतिणीचा पाचवा मी चुकून शिवला होता तिथेच होता. त्याच्या पुढचे सहा, सात, आठ नव्हते. पहारेकरी मुलाला घरात घेतो, त्याला नाव देतो, लिहायला शिकवतो, ते सगळं गेलं होतं. मी टेबलाखाली पाहिलं, रद्दीच्या पोत्यात पाहिलं, शिकंज्यात दाबलेली पुस्तकंही काढून पाहिली. काही मिळालं नाही.

पुस्तक छातीशी धरून मी जिना चढलो. दार मावशीनेच उघडलं.

“मावशी, माझं ऐक, तू फक्त...”

“बाइंडिंगवाले ना आपण?” ती प्रसन्नपणे म्हणाली. “या, बसा हं. माझा मुलगा आतच आहे.”

तिने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला आई म्हणून हाक मारणार होतो. तोंडही उघडलं होतं...

“कोण आलंय गं, आई?” आतून आवाज आला.

“कुणी नाही रे,” मावशी म्हणाली. “तुझ्याकडेच आलेत.”

पावलं दाराशी येऊन थांबली. पडदा बाजूला सारणारा हात आधी दिसला. डावा हात होता, आणि त्याच्या बोटांवरची खळ अजून ओली होती.