जहागीरदाराला मारलेला खडा

नातीच्या, मैनाच्या पाठवणीची मिरवणूक जांभूळतळ्याच्या चौकात आली तेव्हा कौसाबाई वाघमोडे भलत्याच खुशीत होत्या. समोरचा चौथरा रिकामा दिसत होता आणि त्यांच्या मते अख्ख्या गावात याहून देखणी जागा नव्हती.

चौथरा खरं तर रिकामा नव्हता. त्यावर निळोजीराव जहागीरदाराचा पितळी पुतळा होता. पण मैना रांगत होती त्या वर्षी नगरपालिकेने त्याला प्रकाशवळण लेप दिला. ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालतं तसा उजेड या लेपावरून वळून पलीकडे जाई, त्यामुळे पुतळ्यामागचा पिंपळच काय तो दिसे. अर्धं गाव तेव्हा म्हणत होतं, तळं बांधलं त्यांनी, पुतळ्याला हात लावाल तर खबरदार! उरलेलं अर्धं म्हणत होतं, दुष्काळात त्याच तळ्यावर धनगरांची मेंढरं अडवली, पाणी मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्याचं काय? कौसाबाईंच्या नवऱ्याचे पणजोबा त्यातच गेले. शेवटी पुतळा पाडायचा नाही आणि दाखवायचाही नाही, असं ठरलं. भांडण मिटलं. गाव सुखाने नांदू लागलं.

"आजी, लेप विरत चाललाय," शेजारून चालणारी पालिकेची अभियंता शेफाली राऊत म्हणाली. "पुन्हा द्यायचा, की पुतळाच उचलून न्यायचा? गोळी तुमच्या घरानं झेलली, म्हणून पालिकेनं तुमच्यावर सोपवलंय. उद्यापर्यंत सांगा."

"उद्या कशाला? उचला मेल्याला! पण आधी पोरीचा खडा होऊ दे."

वाघमोड्यांची लेक सासरी निघाली, की जहागीरदाराच्या पायावर खडा मारूनच वेस ओलांडायची. कौसाबाईंना सगळे मुलगेच, त्यामुळे लेपानंतर हा मान पहिल्यांदा मैनाला मिळत होता. तिने पदर खोचला आणि अंदाजाने खडा भिरकावला.

ठण्ण! रिकाम्या हवेतून आवाज आला आणि खडा उसळून थेट नवरदेवाच्या फेट्यात जाऊन बसला. हसता हसता ताशेवाल्याच्या काड्या हातातून सुटल्या.

"अगं, तिथं आहे तरी कोण?" फेटा सावरत सुयशने विचारलं. तो बिचारा परगावचा.

"कोणीतरी जहागीरदार होता," मैना अडखळली. "आजी, त्यानं नेमकं काय केलं होतं गं?"

पूर्वी येता-जाता पोरं विचारायची, हा कोण, आणि मोठी माणसं सांगायची. पुतळा दिसेनासा झाला, तसं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पोरीला ठाऊकच असेल असं कौसाबाई धरून चालल्या होत्या.

मग भर चौकात, ताशे थांबवून, त्यांनी सगळं सांगितलं. ते अडवलेलं पाणी, त्या गोळ्या, पणजोबांचं नाव. जहागीरदाराच्या बाजूचे दोन म्हातारेही ऐकत उभे राहिले. मैनाने आजीला घट्ट मिठी मारली. कौसाबाईंना रडू आलं, पण फार बरंही वाटलं.

खडा लागला तिथला लेप निघून पितळी बुटाचं टोक उघडं पडलं होतं.

"मग आजी, उद्या उचलायचा ना?" शेफालीने विचारलं.

कौसाबाईंनी पुढे होऊन त्या टोकावर हात ठेवला.

"उचल म्हटलं तर उचलशील गं. पण उद्या वाघमोड्यांची पुढची लेक सासरी निघाली, तर खडा मारायला ती कुठं थांबेल? आणि तिथं कोण आहे, म्हणून तिला कोण विचारेल?"