बेरजेतला आवाज

कोणाला किती ऐकायचं, हे त्या काळात ज्याच्या त्याच्या हातात होतं. कानामागच्या हाडात बसवलेलं श्रुतिमंच नावाचं यंत्र येणारा प्रत्येक आवाज वेगळा करी. नवऱ्याचा एक, शेजारणीचा दुसरा, कुकरच्या शिट्टीचा तिसरा. अशा सुट्या आवाजाला धारा म्हणत. प्रत्येक धारेला एक सरकपट्टी असे. ती खाली ओढली की माणूस हळू, वर ढकलली की मोठा. २०७३ साली पुण्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कानामागे हे यंत्र होतं, आणि डॉ. ओवी टिपणीस यांच्या मते त्यांतल्या एकालाही ते वापरायची अक्कल नव्हती. लोक शेजाऱ्याला बंद करून टाकत, आणि मग जिन्यात आग लागल्यावर कोणी हाक कशी मारली नाही, अशी तक्रार घेऊन तिच्याकडे येत.

चिन्मय केणींना मात्र अक्कल होती. ओवीला तेच जास्त खटकायचं.

केणींनी चाळीस वर्षं चित्रपटांची गाणी मिसळली होती. गायक, तबला, पन्नास व्हायोलिनं, सगळं संगणकाच्या पडद्यावर घेऊन त्यांचं एक गाणं करायचं, हा त्यांचा धंदा. अकरा वर्षांपूर्वी श्रुतिमंच बसवायला ते आले तेव्हा ओवी नवखी होती. अनेक धारा एकत्र बांधून त्यांचा गट, म्हणजे बस, कशी करायची, हे तिने समजवायला घेतलं, तर त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"बस म्हणजे काय, हे तुम्ही मला सांगणार? बाई, तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून मी बस बांधतोय."

मग त्यांनी स्वतःच मांडणी केली. निर्माते, शिष्य, मुलाखती घ्यायला येणारे पत्रकार यांना प्रत्येकी स्वतंत्र धारा, वर थोडी झिलईसुद्धा. आणि आई, बायको प्राजक्ता, धाकटा भाऊ, स्वयंपाकाच्या शालनताई आणि मुलगी रेवा या पाच जणांची मिळून एकच बस. तिला त्यांनी 'घर' असं नाव दिलं आणि तिची पट्टी इतकी खाली ओढली की खोलीतली माशीसुद्धा त्या पाचांपेक्षा मोठी ऐकू यावी.

"यांना वेगवेगळं ठेवा, सर," ओवी म्हणाली होती. "हवं तर हळू करा, पण वेगळं ठेवा. संमतिपत्राच्या एकोणिसाव्या पानावर—"

"कोरसला नावं नसतात, बाई. त्याला फक्त पातळी असते." आणि एकोणिसावं पान न उघडताच त्यांनी सही ठोकली होती.

आता शुक्रवारी सकाळी ते पुन्हा तिच्या दवाखान्यात आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, कडक इस्त्रीचा झब्बा. आतल्या खोलीत त्यांच्या मेंदूचा आलेख काढायचं काम चाललं होतं. बाहेर ओवीसमोर रेवा बसली होती. त्रेचाळीस वर्षांची, महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर, गळ्याला सुती रुमाल. आवाज घोगरा.

"मंगळवारी ऑपरेशन आहे," रेवा म्हणाली. "कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढणार. नंतर एक डबी देतात, ती बोलते म्हणे. बातम्या देणाऱ्या बाईसारखी. त्याआधी बाबांनी मला एकदा ऐकावं, एवढंच आहे. अकरा वर्षं आम्ही घरात चिठ्ठ्यांवर चालवलंय."

"ते तयार झाले?"

"त्यात काय, म्हणाले. पट्टी वर केली की झालं. तुम्हाला फोनसुद्धा त्यांनीच केला ना? फक्त मला ते बस प्रकरण कळत नाही. तिकीट कोणी काढायचं असतं?"

ओवीला हसू आलं. या घरातलं कोणी विनोद करील, असं तिला वाटलं नव्हतं.

"बस म्हणजे सामाईक वाट. पाच नळ एका पाइपात सोडले की पुढे एकच पाणी जातं. त्या पाइपाला एकच तोटी. ती फिरवली की पाचही कमी, पाचही जास्त."

"हे माझ्या खात्यातलंच झालं. पण पाइपाच्या अलीकडे नळ वेगळेच असतात की. माझा नळ काढून घ्या, दुसरीकडे जोडा."

"यंत्रात तो वेगळा आहेच. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या वडिलांचा भरवसा त्यावरच होता. संगणकावर मूळ आवाज कधी पुसला जात नाही, कितीही मिसळा, पुन्हा सुटा करता येतो. चाळीस वर्षांची सवय आहे त्यांना." ओवीच्या आवाजात धार आली, ती तिने लपवली नाही. "पण पाइपाच्या पलीकडे डोकं आहे. मेंदूत एकेका ओळखीच्या आवाजासाठी पेशींचा एकेक गट असतो. अकरा वर्षं त्या गटांना सुटा आवाज मिळालाच नाही, मिळाली ती बेरीज. तीन आणि चार मिळून सात होतात. रोज फक्त सातच हाती येत राहिला, तर मेंदू तीनसाठी कशाला जागा राखून ठेवील? पाच गटांचा एक गट झाला असेल. ती जागा आता 'घर' या आवाजाची."

"म्हणजे मी बोलले तर?"

"तुम्ही बोललात तर कदाचित तो सगळा गट जागा होईल."

रेवाने रुमालाची गाठ चाचपली. "आजी गेली. काका गेला. शालनताई गेल्या. आईला चार वर्षं झाली," ती म्हणाली. "त्या पाइपात आता मी एकटीच आहे, डॉक्टर."

आलेख बाहेर आला. ओवीने जे सांगितलं होतं तेच त्यात होतं, पाचांच्या जागी एकच ठिपका, चांगला ठसठशीत. हे केणींना सांगायला तिला आवडणार होतं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला 'बाई' म्हणत आला. आता त्याचा चेहरा कसा पडतो, ते पाहायचं होतं.

तिने त्यांना रेवासमोर बसवलं. रेवाची धारा 'घर'मधून काढली, सुटी केली, पट्टी पूर्ण वर नेली.

"बोला," ती रेवाला म्हणाली.

"बाबा," रेवा म्हणाली. "मी रेवा."

केणींनी मान एका बाजूला कलती केली. गाणं तपासताना करत असतील तशी.

"पाच-सहा जण एकदम बोलतायत," ते ओवीला म्हणाले. "शब्द लागत नाहीत. चुकीची धारा उघडलीत तुम्ही."

"बरोबर उघडली आहे, सर. समोर एकटी रेवा बोलते आहे. तुमच्या मेंदूत आता तिचा वेगळा आवाज उरलेला नाही. एकोणिसाव्या पानावर हेच होतं."

चेहरा पडायला हवा होता. तो पडला नाही. केणींनी डोळे मिटले होते.

"थांबा, थांबा. यात प्राजक्ता आहे," ते म्हणाले. "खालच्या सुरात. आणि ती भांड्यांची... नाही, शालन गुणगुणायची ती. अरे! रेवा, बोल गं. थांबू नकोस."

रेवाने ओवीकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि ती बोलू लागली. सातवीत असताना शाळेच्या गाण्यात तिची निवड झाली होती, आणि बाबांनी घरी ते गाणं ऐकून, हिला मागच्या ओळीत उभी करा, असं बाईंना कळवलं होतं, ते. आई शेवटचे तीन आठवडे त्यांना हाका मारत होती आणि ते शेजारच्या खोलीत एका पत्रकाराशी बोलत होते, ते. आवाज फाटत होता, ती पाणी पिऊन पुन्हा सुरू करत होती.

"हां, असंच," केणी म्हणाले. "सुंदर."

"तुम्ही अत्यंत क्षुद्र मनुष्य आहात, बाबा," रेवा शांतपणे म्हणाली.

"वा! माझ्या आईचा खोकला आला बघ मध्येच."

ओवी उठून उभी राहिली. ती काहीतरी बोलणार होती, पण रेवाने तिला मानेनेच नको म्हटलं. पर्समधून तिने हॉस्पिटलने दिलेलं माहितीपत्रक काढलं आणि ते सरळ वाचायला लागली. ऑपरेशनपूर्वी आठ तास काही खाऊ नये. दागिने घरी ठेवावेत. सोबत एक नातेवाईक असावा. केणींच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. अकरा वर्षांत या माणसाने घरातल्यांसाठी इतका वेळ दिला नव्हता.

"डॉक्टर," ते हलकेच म्हणाले. बाई नव्हे, डॉक्टर. "हे रेकॉर्ड करून ठेवा. मी रोज ऐकीन."

"उपयोग नाही. रेकॉर्ड केलेला आवाज यंत्र ओळखतं आणि नकली कळावा म्हणून बदलून वेगळ्या बसमध्ये टाकतं. नकली आवाजांनी लोकांना फसवायला लागले, तेव्हाचा कायदा आहे, यंत्रातच कोरलेला. हा गट फक्त जिवंत गळ्याला जागा होतो."

"डबीचा आवाज?"

"तोही नाही."

केणींनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ओवीला क्षणभर वाटलं, कळलं यांना. उशिरा का होईना, मंगळवारी मुलीचं काय जाणार आहे ते कळलं.

"मग तुम्ही त्या सर्जनशी बोला ना," ते म्हणाले. "तुमच्या ओळखीचे असतील. ते ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का? सहा महिने, वर्ष?"

रेवा वाचायची थांबली. कागद तिच्या मांडीवर उतरला.

केणींनी कपाळाला आठी घातली, डोळे पुन्हा मिटले आणि उजव्या हाताची बोटं हवेत गोल फिरवून तिला खूण केली. चालू ठेव.