चष्म्याला आलेला डुकरांचा ताप

डुकरं वाचली, गुन्हेगार सापडला आणि एका चष्म्याला डुकरांचा ताप निघाला. यातलं काहीएक घडलेलं नाही असं धरून पुढे वाचा.

तपासनीस प्रयोगशाळेत शिरले तेव्हा डुकरंवाल्या मावशी दारातच उभ्या होत्या.

"साहेब, माझी डुकरं टणाटण उड्या मारताहेत. आणि हे इथले लोक म्हणतात, सगळ्यांना विषाणू! संध्याकाळी मारायला माणसं येणार."

आत, इथं काम करणाऱ्या दोघी बहिणींतली धाकटी रडवेली बसली होती. तासाभरात विषाणू ओळखणारी चाचणी तिची. म्हणून पेपरात फोटोही तिचाच.

"सगळीच पॉझिटिव्ह?"

"सगळी. पडताळ्यासाठी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतो. तीसुद्धा."

"म्हणजे पाण्यालाही ताप. पाण्यात काय मिसळलं असेल?"

"चाचणी नीट चालते का बघायला मी विषाणूची नक्कल बनवलीय. त्यानं रोग होत नाही. खऱ्याशी गल्लत नको म्हणून तिला वेगळी खूण आहे. याच खोलीतल्या फ्रीजमध्ये असते."

तपासनीस शेजारी उभ्या असलेल्या प्रयोगशाळेच्या संचालकांकडे वळले. "फोटोत तुम्ही आहात?"

"माझं कोपर आहे," संचालक कडवटपणे म्हणाले.

शेजारच्या खोलीत धाकटीची ताई होती. बाटल्यांत विषाणू वाढवून दहा दिवसांनी निकाल देणं, हे तिचं जन्माचं काम. मोजे घातलेल्या हातानं ती सारखी चष्मा वर ढकलत होती.

"बहिणीच्या खोलीत गेला होतात?"

"मी? तिथं माझं पाऊलही पडलेलं नाही. लहानपणी माझा फ्रॉक घालून मिरवायची, आता माझा विषाणू घेऊन मिरवते."

"चष्मा फार घसरतो?"

"नाकाला धारच नाही."

तपासनिसांनी कापसाचे बोळे मागवले. दाराची मूठ, संचालकांचं पेन, ताईचा चष्मा, सगळं पुसून घेतलं. सीलबंद नवं पाणी आलं. डुकरांचे नमुनेही पुन्हा चाचणीला लागले.

तासाभरानं सगळे धाकटीच्या खोलीत जमले.

"डुकरं ठणठणीत," तपासनीस म्हणाले. मावशींनी यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला. "संचालकांचं पेन स्वच्छ. इतकं की कधी वापरल्यासारखं वाटत नाही. ताईंचा चष्मा पॉझिटिव्ह."

"असणारच! माझ्याकडे जिवंत विषाणू असतो."

"त्याला खूण नसते. चष्म्यावरच्याला आहे. जुन्या पाण्यातल्यालाही. ती नक्कल फक्त या खोलीत मिळते, जिथं तुमचं पाऊल पडलेलं नाही. मोज्यांनी ठसे लपवलेत ताई, पण ऐन वेळी चष्मा घसरला."

धाकटी उठली. "ताई, तू?"

"तुझा फोटो बघून घास उतरत नव्हता मला."

"आणि मावशींची डुकरं?"

"त्यांना काही होणार नव्हतं. दहा दिवसांनी माझ्या बाटल्यांनी ती निरोगी ठरवलीच असती."

"मारणारे आज संध्याकाळी येणार होते ना गं!"

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. बहुधा त्या इमारतीत पहिल्यांदाच.

निलंबनाचा कागद हाती पडताच तिनं तिथल्या तिथं अर्ज खरडला: 'सदर चष्म्याची फेरतपासणी जुन्या पद्धतीने करण्यात यावी, आणि निकाल येईपर्यंतचे दहा दिवस अर्जदारास निर्दोष समजून धाकट्या बहिणीची वरिष्ठ म्हणून नेमण्यात यावे, ही नम्र विनंती.'